अठरा गाद्यांचं देणं

नाना, राम राम.

आमची पाच गाणी काल रात्री बारा वाजता यूट्यूबवर आणि स्पॉटिफायवर लागली. तुमच्या फोनवर ती कशी लावायची ते नातू दाखवेल. गाण्यांच्या खाली आभार लिहायला थोडी जागा असते. तिथे आम्ही "गाद्या : नाना, अमळनेर" एवढंच लिहिलं आणि ते मला रात्रभर खटकत राहिलं. म्हणून हे पत्र.

जुना बँड मोडला तेव्हा गायक पुण्याला गेला, एक गिटारवाला नोकरीला लागला. राहिलो आम्ही तिघं. ड्रम, बेस आणि मागे उभा राहून वाजवणारा दुसरा गिटारवाला, म्हणजे मी. पंगत उठल्यावर पातेल्याच्या बुडाला खरवड राहते ना, तसे. आमचा बेसवाला तेव्हा रोज धीर द्यायचा. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडचा गायक 1980 च्या मे महिन्यात वारला, उरलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर असं नाव घेतलं, गिटार वाजवणारा बर्नार्ड समनर गायला लागला आणि 1981 च्या नोव्हेंबरात त्यांचा पहिला अल्बम आला. निर्वाना हा बँड संपल्यावर त्यांचा ड्रमर डेव्ह ग्रोल स्टुडिओत गेला आणि जवळजवळ सगळी वाद्यं एकट्यानं वाजवून आठवडाभरात बाहेर आला. 1995 ला तेच रेकॉर्डिंग फू फायटर्स या नावानं निघालं. हे सगळं खरं आहे, पण बोरी नदीच्या पुलावर उभं राहून ऐकलं की त्याचा फारसा उपयोग होत नाही. इथे बँड म्हटलं की लोक विचारतात, वरातीचे किती घेता? आणि ज्यांना आम्ही माहीत होतो ते विचारायचे, तो गाणारा कुठे गेला?

एका मोठ्या शहरातल्या स्टुडिओनं आमच्याकडून आगाऊ पैसे घेतले. तीन तारखा दिल्या, तिन्ही फिरवल्या. चौथ्या वेळी त्या साहेबांनी विचारलं, "तुमचा जुना सिंगर येणार असेल तर बघू." पैसे अजून तिकडेच आहेत. एका गॅदरिंगच्या पत्रिकेत आमचं नाव छापलं, मग कळलं की गायक बदललाय, तर नावावर कागदाची पट्टी चिकटवली. पट्टी इतकी पातळ होती की खालचं नाव वाचता येत होतं. निदान जाड कागद तरी वापरायचा!

शेवटी ठरवलं, शेतातल्या पत्र्याच्या खोलीत आपणच रेकॉर्ड करायचं. माईक चार, एक लॅपटॉप, आणि टाळी वाजवली की पत्र्यावरून तीनदा परत येणारा आवाज. कापूस आवाज पितो, हे आम्ही वाचलं होतं. खान्देशात कापसाला काय तोटा? पण भिंतीला लावण्याजोगा, शिवलेला, उचलून नेता येईल असा कापूस एकाच ठिकाणी होता. तुमच्या बिछायत केंद्रात. आणि तिथे जायची आमची हिंमत नव्हती.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या बँडच्या शेवटच्या कार्यक्रमाचं स्टेज, दोनशे खुर्च्या आणि जनरेटर तुमच्याकडून आला होता. ठरवणारा दुसरा, बुडवणारा दुसरा, पण स्टेजवर उभे आम्हीही होतोच.

त्या दुपारी तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वही काढलीत. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. पानं उलटत जुन्या बँडच्या नावावर आलात. मला उलटं वाचता येत होतं : बाकी 6,400. मी चपलेकडे बघत बसलो. तुम्ही त्या पानावर बोट ठेवलंत, काहीच न बोलता थुंकी लावून पुढची पाच-सहा पानं उलटलीत, कोरं पान आलं तसं तळहातानं दाबून सपाट केलंत आणि विचारलंत, "नवं नाव काय?"

आम्ही नाव सांगितलं. तुम्हाला ते नीट ऐकू आलं नाही, दोनदा सांगावं लागलं. मग वर श्री काढून तुम्ही ते लिहिलंत, जरा चुकीचं, आणि खाली : गाद्या 18, लोड 6. भाड्याच्या रकान्यात आडवी रेघ. बेसवाला चाचरत म्हणाला, नाना, ते मागचे पैसे... तुम्ही पेनाचं टोपण लावत म्हणालात, "ते पान त्यासनं. हाई तुमनं."

नाना, आमच्या नव्या बँडचं नाव कागदावर पहिल्यांदा लिहिलं ते तुम्ही. पोस्टरवर नाही, पत्रिकेवर नाही, भाड्याच्या वहीत. नंतर आम्ही तिघांनी आपापला वाटा आणून दिला, तोही तुम्ही जुन्या पानावरच जमा केलात. नव्या पानाला त्याचा डाग लागू दिला नाहीत. पै-पैचा हिशोब ठेवणारी माणसं चिकट असतात असं मी समजायचो. आता वाटतं, रेघ कुठे मारायची हे त्यांनाच नेमकं कळतं. हिशोबच न ठेवणाऱ्यांनी आम्हाला जास्त फिरवलंय.

आणि ते दिवस कुठले, तर आखाजीचे, अक्षय्य तृतीयेचे. गावोगाव लग्नं, एकेका गादीला दोन-दोन गिऱ्हाइकं. अशात अठरा गाद्या अकरा दिवस पत्र्याच्या खोलीत उभ्या करून ठेवणं म्हणजे काय, हे बिछायतवाल्यालाच कळेल.

गाद्या भिंतीपासून वीतभर सोडून उभ्या केल्या, म्हणजे खालचे जाड सूरही थोडे दबतात. पारा 43 च्या वर. कूलरचा आवाज माईकमध्ये येतो म्हणून गाणं सुरू असताना तो बंद. एक टेक झाला की ड्रमर अंगावर तांब्याभर पाणी ओतून घ्यायचा. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी सुरत-भुसावळ लाईनवरच्या गाडीचा भोंगा आलाय. तो तसाच ठेवलाय, सुरात होता.

तुम्ही एका संध्याकाळी गाद्या बघायला म्हणून आलात आणि गाणं ऐकून गेलात. "ढोल बेस शे," म्हणालात, त्यावर आमचा बेसवाला उगाचच खूश झाला. मग म्हणालात, बोल समजत नाहीत. त्या रात्री आम्ही माझा आवाज वर घेतला आणि गिटार खाली. मी गायक नाही, त्यामुळे स्वतःला लपवत होतो. चौथं गाणं अहिराणीत आहे, तेवढं तरी तुम्हाला पहिल्या दमात कळेल.

आता एक कबुली. परत केलेल्या गाद्या सतरा होत्या. तुम्ही मोजल्या, माझ्याकडे पाहिलंत आणि "जमा 17" लिहून वही मिटलीत. अठरावी झांजेच्या स्टँडनं फाटली होती, तोंड उघडायची लाज वाटली. ती मी पुन्हा पिंजून, नवी खोळ घालून आणली आहे. सोमवारी सकाळी दुकानात असाल ना? वही काढून ठेवा.