बेणणीला येणाऱ्या तात्यांस

ती. तात्यांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दाम उघडं लिहितेय. आभार तुमचे मानायचे आहेत, पण ऐकायला हवं ते शेजारपाजाऱ्यांनी. आपल्या वेंगुर्ल्याकडे बेणणी म्हणजे रान कापून परडं, म्हणजे घरामागची जागा, बोडकं करायचं. तुम्ही मजुरी बेणणीची घेता आणि निम्मं रान तसंच ठेवता, म्हणून मला अजून हसतात.

गडग्याकडच्या, म्हणजे दगडी कुंपणाकडच्या, माकडलिंबाशी आलात, कोयती उचललीत आणि खाली ठेवलीत. "बाय, ह्यां ऱ्हवांदे," एवढंच म्हणालात. यंदा पावसात त्या काटेरी झुडपावर अळ्या दिसल्या. लहानपणी अगदी पाखराच्या शिटेसारख्या, म्हणजे कोणी खायला नको! मोठ्या होताना हिरव्यागार झाल्या, कोषात गेल्या आणि बाहेर आली ती काळीनिळी नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू ठरवलं ते हेच. झुडपाची पानं गेली म्हणावी, तर महिन्याभरात पुन्हा फुटली.

बांडगुळाचं पटायला मला वेळ लागला. हापूसवरचं तुम्ही काढता, रायवळावरची एक फांदी मात्र सोडता. बांडगुळाची फळं खायला फुलटोचा पक्षी येतो, पानांवर हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या पोसतात. अर्थात तोच फुलटोचा चिकट बी दुसऱ्या फांदीला लावून जातो, त्यामुळे तुमची शिडी काही सुटत नाही.

सगळंच राखायचं असंही तुमचं नाही. रानमोडी दिसली की फुलायच्या आत मुळासकट उपटता. अमेरिकेतून आलेलं ते झाड, बी वाऱ्यावर उडतं. एकदा फुललं की आपल्या करवंदा-कुड्याला जागा उरत नाही.

आणि पातेरा, म्हणजे वाळका पाला! तो जाळू न देता फणसाखाली ओढून ठेवलात. पावसाच्या तोंडावर तिथे नवरंग पक्षी उतरला. पानं उलटून किडे-गांडुळं टिपत होता. हसणारे शेजारीच मोबाईल घेऊन कुंपणाशी उभे होते, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

दिवाळीनंतर या. विहिरीकडे रानमोडी पुन्हा डोकं वर काढतेय. सुरंगीचं रोप आणणार होतात, ते आणा. कुठे लावायचं ते तुम्हीच ठरवा. मजुरी यंदा वाढवून घ्यायची, नाही म्हणायचं नाही.

तुमची,
परड्यातली बाय