नदी कापताना पूल ठेवा

मा. संपादक,
सुट्टीतल्या कार्यशाळांत हल्ली नकाशावरून कातरकामाची पुस्तके करून घेतात: कागदाच्या लांब पट्टीत शहराचा नकाशा कापायचा आणि पट्टीला घड्या घालून पाने करायची. मुले मन लावून कापतात, आणि पुस्तक चार वेळा उघडले की फाटते. दोष मुलांच्या हाताचा नाही, आखणीचा आहे. आयोजकांनी कटर देण्याआधी एक पूर्ण बैठक आखणीला द्यावी, ही कळकळीची विनंती.

पुण्याची मुठा नदीच घ्या. ती सलग कापली तर पट्टीचे दोन तुकडे होतात. म्हणून राजाराम पूल, म्हात्रे पूल, लकडी पूल, नवा पूल, डेंगळे पूल आपापल्या जागी ३ मिमी रुंद ठेवायचे. कागद त्यांच्यावरच तोलतो. पूल नेमका घडीवर आला तर तोच आधी तुटतो. अशा वेळी नकाशा थोडा सरकवून घ्यावा. पेठांत उलट करायचे: रस्ते ठेवायचे, मधली घरे कापायची. रस्ता २ मिमीपेक्षा बारीक नको. कसब्यातले सगळे बोळ दाखवायचा हट्ट सोडावा.

नावे कातरताना देवनागरीची शिरोरेषा फार उपयोगी पडते, अख्खे नाव तिला लटकून राहते. पण ‘संगम’वरचा अनुस्वार गळतो, त्याला रेषेशी जोडावे. अक्षरेच पोकळ कापली तर ‘मुठा’तल्या ठचे पोट पडते, तिथे बारीक जोड ठेवावा.

कागद हातकागदच घ्यावा, १५० ते २०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा). शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था असलेल्या शहरात गुळगुळीत कार्डशीट कशाला? ५६ बाय ७६ सेंमीच्या तावाच्या ओबडधोबड कडा काढून ७१ बाय १३ च्या चार पट्ट्या निघतात. पट्टीत १४ सेंमीची पाच पाने आणि पुढची पट्टी चिकटवायला १ सेंमी जोडपट्टी. आखणी मागच्या बाजूला, आरशात दिसते तशी उलटी. आधी आतले बारीक आकार, मग मोठे. वळणावर पाते नाही, कागद फिरवायचा. कडेला लव दिसू लागली की पाते बोथट झाले, लगेच बदलावे.

पहिले आणि शेवटचे पान कोरेच ठेवून २ मिमी पुठ्ठ्याला चिकटवावे. पातळ खळ नको. ओला कागद ताणला जातो आणि सुकताना पुठ्ठा वाकवतो.

आणि रद्दीत सापडलेला जुना नकाशा कृपया कापू नका. झेरॉक्स काढून त्यावरून आखा.

– पुस्तकबांधणी व कागदकाम करणारे काही जण, पुणे