फटीत भुसा नको, लाकूड घाल

लाडक्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लाकडी पेटीचे फोटो मिळाले. चारही कोपरे बिघडलेत, टाकून देऊ का, असं विचारलं आहेस. मी फोटो मोठे करून पाहिले. चार नाहीत, दोनच कोपरे बिघडलेत, आणि तेही दोन वेगवेगळ्या कारणांनी. गोंद अजून लावला नाहीस हे फार बरं झालं.

भुसा गोंदात कालवून फटीत भरायचा बेत तेवढा रद्द कर. हा सल्ला सगळेच देतात. केसाएवढ्या रेघेला तो चालतोही. पण तुझ्या फटीत नखाची कड सहज जाईल. वाळलेला गोंद पॉलिश पीत नाही, त्यामुळे शेजारचं लाकूड खुलतं आणि भरलेली जागा डागासारखी उठून दिसते. आज साध्या लाकडावर बेमालूम वाटलं तरी पॉलिशचा पहिला हात मारलास की कळेल. शिवाय त्या लगद्यात जोर नसतो तो नसतोच. फटीत लाकूडच घालायचं, आणि तेही त्याच फळीचं. छाटलेले तुकडे पेटी पूर्ण होईपर्यंत टाकायचे नसतात, ते ह्यासाठी.

पण आधी मागचा डावा कोपरा. डव्हटेल सांध्यात एका फळीच्या पसरट शेपट्या दुसऱ्या फळीच्या पिनांमधल्या खाचांत अडकतात. तिथे त्या शेपट्या खाचेत पूर्ण उतरलेल्याच नाहीत, म्हणून खांद्यापाशी, म्हणजे शेपट्या जिथून सुरू होतात तिथे, सरळ रेघेसारखी फट दिसते. ती भरायची नाही, घालवायची. बहुतेक वेळा खाचेच्या तळाशी, अगदी मधोमध, उंचवटा राहिलेला असतो. दोन्ही बाजूंनी पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) मारत आत आलं की असं होतं, आणि कडेवरची रेघ बरोबर दिसत असल्यामुळे लक्षात येत नाही. मऊ शिसपेन्सिल शेपट्यांच्या आतल्या अंगाला आणि बाजूंना घास, सांधा हलक्या हाताने बसव आणि परत उघड. समोरच्या भागावर जिथे काळं उमटेल तिथेच लाकूड अडतंय. तेवढंच तास. खाचेचा तळ मधे किंचित खोलगट झाला तरी बिघडत नाही. तिथे तंतूंची टोकं असतात, गोंदाची खरी पकड तिथे नसतेच. पकड असते ती शेपटीच्या आणि पिनेच्या तिरप्या बाजूंवर, म्हणून त्यांना मात्र काळा ठिपका दिसल्याशिवाय हात लावू नकोस. आणि बसत नाही म्हणून मोगरीने, लाकडी हातोड्याने, जोर लावू नकोस, शेपटीशेजारची फळी तंतूंच्या बाजूने चिरते.

आता पुढचा उजवा कोपरा. इथे करवत रेघेच्या चुकीच्या बाजूने गेली, त्यामुळे शेपटी आणि पिनेच्या मधे फट आहे. ही आधी भरायची नाही. पेटी जोडून, गोंद पूर्ण वाळू दे. पांढरा गोंद तासाभरात धरतो, पण पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात. मग बारीक दातांची पातळ करवत फटीतूनच हळूच खांद्यापर्यंत चालव. आत्ता फट एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद आहे, ती सगळीकडे सारखी होईल. फट मुद्दाम वाढवायची हे तुला उलटं वाटेल, पण सारख्या जाडीची पट्टी बसवणं फार सोपं जातं.

पट्टी कापताना तंतूंची दिशा पाहा. ह्या सगळ्या दुरुस्तीत माझ्या मते हे एकच काम जपून करण्यासारखं आहे. पट्टीचे तंतू शेपटीच्या तंतूंना समांतर हवेत, म्हणजे ती शेपटीचाच भाग होते. शेपटीच्या टोकाला लाकूड आडवं छेदलेलं दिसतं, पट्टीचंही तसंच तोंड तिथे आलं पाहिजे. आडवा छेद पॉलिश जास्त पितो आणि गडद होतो. पट्टी फिरवून लावलीस तर त्या गडद तोंडात फिकट रेघ कायमची राहील. गोंद लावून बोटाने दाबली की जाईल, इतकीच जाड ठेव. ठोकावी लागली तर ती जाड आहे. वाळल्यावर पटाशीने छाटताना कडेकडून आत ये. आतून बाहेर आलीस तर कडेची ढलपी उडेल. उडालीच, तर शोधून जपून ठेव, तिच्यासारखा नेमका तुकडा दुसरा मिळत नाही.

केसाएवढ्या फटी आणखी दोन-तीन दिसतात. तिथे पिनेच्या टोकावर छोट्या हातोडीने हलके टिचके मार, तंतू पसरून फट मिटते. हे मात्र गोंद ओला असतानाच.

कोपऱ्यांवर बाहेरून दिसणारी चौकोनी भोकं पेटीचा तळ बसवायच्या खाचेची आहेत. खाच फळीच्या टोकापर्यंत गेली की ती दिसणारच. चौकोनी खुंटी करून बसव, विषय संपला. तळ स्वतः लाकडी फळीचा असेल तर त्याला गोंद लावायचा नाही. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. चारही बाजूंनी जखडलंस तर तळ तरी फाटेल नाहीतर तू आत्ता दुरुस्त केलेले सांधे तरी उघडतील. प्लायवूड असेल तर बिनधास्त चिकटव.

गोंद लावल्यावर पेटी काटकोनात आहे का ते बघायला गुण्यावर विसंबू नकोस, दोन्ही कर्ण मोज. एक मोठा निघाला तर त्याच कर्णाच्या दिशेने क्लॅम्प किंचित तिरका करून आवळ, दोन्ही सारखे होईपर्यंत. हे काही मिनिटांतच करावं लागतं, म्हणून मोजपट्टी आणि क्लॅम्प आधी मांडून घे. आतल्या कोपऱ्यात बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसू नकोस, पातळ होऊन लाकडात मुरतो. रबरासारखा झाला की पटाशीने सोल.

एवढं करूनही एखादी पिन मुळाशी चिरलेली निघाली, तर ती डागडुजी करत बसू नकोस. चारही फळ्यांची टोकं कापून टाक आणि थोडी लहान पेटी कर. तुझे बाबा म्हणतात, रंग फासला की काही दिसत नाही. त्यांना पेटीपासून लांब ठेव.

पट्टी कापण्याआधी, तुकड्यावर पेन्सिलने तंतूंच्या दिशेचा बाण काढून एक फोटो पाठव. मी बघून सांगते, मग करवत लाव.

तुझी,
आई