वारणेचा तह अजून चालू आहे का, मंत्रिमहोदय?

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

डाव्या हातानं टाइप करतेय, चुका पोटात घाला. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. अकरा दिवसांपूर्वी संगम माहुलीला महाराणी ताराबाईंच्या समाधीकडं उतरताना गाळावरून पाय सटकला. गेल्या वर्षी आमच्या कोल्हापुरात व्यासपीठावरून आपण या समाधीचं काम मार्गी लावण्याचा शब्द दिला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. तेव्हा दोन्ही हात धड होते.

म्हटलं, काम कुठवर आलंय ते बघावं. एसटीला अर्धं तिकीट लागलं, त्याबद्दल सरकारचे आभार. आभार मानायचं एवढंच. सहापदरीच्या कामाची धूळ खात, किणी आणि तासवडे असे दोन टोलनाके पार करून सातारा, तिथून रिक्षा. माहुलीत ज्याला विचारलं त्यानं आधी साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची, खंड्याची समाधी दाखवली. खंड्यावर माझा राग नाही, धन्याशी इमानी होता बिचारा. पण "ताराराणींची कुठली?" म्हटल्यावर एका पोरानं नुसती हनुवटीनं नदीकडं खूण केली.

दगडी चौथरा. सांध्यांतून झुडपं आलेली, पुराचा गाळ वाळून भेगाळलेला, त्यात रुतलेली कुणाची तरी एक प्लॅस्टिकची चप्पल. फलक मला तरी दिसला नाही. शेवंतीची वेणी वाहायला पुढं झाले ती खालीच बसले. वेणी माझ्याच मांडीवर पडली.

एक्स-रे, प्लास्टर, गोळ्या मिळून सहा हजार आठशे. कुशीवर वळता येत नाही. माझी वेणीफणी नात करते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा घरात भाकरी दुसऱ्याच्या हातची आहे. कशी होते ते लिहीत नाही, सूनबाई हे वाचणार.

मग इथल्या एका कार्यालयात गेले. म्हणाले, समाधी साताऱ्यात, तिकडं अर्ज करा. साताऱ्याला फोन केला. "त्या तुमच्या कोल्हापूरच्या गादीच्या ना? तिकडून प्रस्ताव येऊ दे." साहेब, १७३१ मध्ये छत्रपतींच्या दोन गाद्यांत वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेला कोल्हापूर, उत्तरेला सातारा. संस्थानं गेली, तनखे गेले, तुमच्या फायलींत तह मात्र लागू आहे!

तिसऱ्यानं तर आवाज खाली आणून सांगितलं, "बाई, विषय वादग्रस्त आहे." आहेच की. १७५० मध्ये तिनं रामराजाला, ज्याला स्वतःचा नातू म्हणून साताऱ्याच्या गादीवर आणलं त्यालाच, अजिंक्यताऱ्यावर कोंडलं. पेशव्याला काढायला तयार नव्हता म्हणून. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली, हा माझा नातू नव्हेच. ती मेली तरी तो कैदेतच होता. माझीही नात आहे, मला हे वाचवत नाही. पण १७१४ मध्ये हिला आणि हिच्या मुलाला सवतीनं कोंडलं, ते कोण सांगणार? पंचविशीत विधवा होऊन औरंगजेबाशी सात वर्षं झुंजली, ते तर आपण भाषणात सांगताच. कावळा नाक्यावर दोन पायांवर उभ्या घोड्याचा पुतळा आहे, त्याला हार घालणं सोपं. तिथं फक्त तिशीची ताराराणी आहे. माहुलीत शहाऐंशी वर्षांची म्हातारी आहे, सगळं केलेलं-सवरलेलं घेऊन. तिला हार घालायचा तर गाळात उतरावं लागतं.

ज्याच्याशी ती लढली त्याची खुलताबादची कबर केंद्राच्या संरक्षित यादीत आहे. २०२५ मध्ये तिला पोलीस बंदोबस्त मिळाला, पत्रे ठोकून मिळाले. कबर राहावी की जावी यावर तुम्ही सगळे घसा बसेपर्यंत बोललात. मते तिथं आहेत ना! माहुलीच्या म्हातारीला मत कुठलं? आणि मला असून काय उपयोग, पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लागते आणि मग ते बोट मोडलं तरी कुणी विचारत नाही.

पायऱ्यांवरचा गाळ काढा, धरायला एक कठडा लावा, फलक लावा. फलकावर रामराजाचंही लिहा, आम्ही कोल्हापूरकर रागावणार नाही. रागावलो तर बघून घेऊ आमचं आम्ही.

मागच्या अर्जाची पोच मिळाली नाही. या वेळी मिळणार असेल तर सही करायला डाव्या हाताचा अंगठा चालतो का, तेवढं कळवा. प्लास्टर अजून महिनाभर आहे.

आपली,
मंगळवार पेठेतली एक मतदार
कोल्हापूर