चार जलदुर्गांचे पैसे घेतलेत, एकाही किल्ल्यात पाऊल पडलं नाही

प्रति,
व्यवस्थापक, सहल विभाग

विषय: २५ ते २७ एप्रिलची ‘सागरी किल्ले’ सहल, ११ प्रवासी, भरलेली रक्कम १,०७,८०० रुपये

महोदय,

मंगळवारी संध्याकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी पाचव्यांदा बोलले. फोन २३ मिनिटं चालला, त्यातली ११ मिनिटं मला थांबवून ठेवलं होतं. यापुढे फोनवर बोलणार नाही. या फोनवर काय झालं ते आधी सांगते, कारण ते तुमच्यापर्यंत कोणी पोहोचवेल असं वाटत नाही.

मी म्हटलं, जंजिरा झाला नाही. समोरून उत्तर आलं, “मॅडम, सिस्टीमला जंजिरा दर्शन पूर्ण दाखवतंय.”

“आम्ही किल्ल्यात गेलोच नाही. होडीतसुद्धा बसलो नाही.”

“पण राजपुरीला गेला होतात ना?”

“धक्क्यापर्यंत.”

“धक्क्यावरून किल्ला दिसतो ना, मॅडम?”

“दिसतो.”

“मग झालं की. दर्शन म्हणजे पाहणं. कार्यक्रमपत्रिकेत ‘दर्शन’ लिहिलंय, ‘प्रवेश’ लिहिलेलं नाही. तुमच्याच ग्रुपमधल्या एका सरांनी धक्क्यावरून फोटो टाकलाय, त्यात किल्ला अगदी क्लिअर दिसतोय.”

मी वरिष्ठांना फोनवर बोलवायला सांगितलं. थांबवून ठेवलं ते तेव्हाच. वरिष्ठ आले आणि पहिलंच वाक्य हे: “समुद्र काय आमच्या हातात आहे का?” त्यानंतर म्हणाले, “ग्रुपमध्ये तीन जण सत्तरीपुढचे होते. एवढ्या वयाच्या माणसांना हलत्या होडीतून उतरवायची रिस्क आमच्या मॅनेजरने घेतली नाही. खरं तर आम्ही तुमची काळजीच घेतली.”

हे धादांत खोटं आहे. होडी हलते म्हणून त्या दिवशी कोणी कोणाला अडवलं नव्हतं. आणि बुकिंगच्या वेळी याच तिघांची वयं मी तुमच्या फॉर्मवर लिहून दिली होती. तेव्हा पैसे घेताना कोणाला काळजी वाटली नाही. त्या तिघांच्या वयामुळे सहल बिघडली, असं ऐकवून तुम्ही चूक प्रवाशांच्या अंगावर ढकललीत. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं आहे.

आता सहल कशामुळे बिघडली ते सांगते. हवामानाने बिघडली नाही. वेळापत्रक करणाऱ्याने भरती-ओहोटी पाहिली नाही आणि वारही पाहिला नाही, म्हणून बिघडली. तुमच्या अटींमध्ये ‘प्रतिकूल हवामान’ आहे आणि प्रत्येक फोनवर तेच कलम मला वाचून दाखवलं गेलं. वादळ सांगून येत नाही. भरती सांगून येते. तिची कोष्टकं वर्षभर आधी छापलेली असतात.

कोष्टक नसलं तरी अडत नाही. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, हा हिशोब कोकणात किनाऱ्यावरच्या कोणालाही येतो. शुक्रवार २५ एप्रिलला चैत्र वद्य द्वादशी होती. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्याहून जास्त नाही. दुसऱ्या दिवशी ती वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते.

तुमच्या पत्रिकेत कुलाबा किल्ल्याची वेळ सकाळी ९:३० होती, तीही ‘ओहोटीत चालत’ या शब्दांसह. अलिबागच्या किनाऱ्यावर बस थांबली तेव्हा किल्ल्याच्या वाटेवर सगळं पाणीच होतं. कुलाब्याला चालत जायचं तर ओहोटीच्या आधीचे आणि नंतरचे दीड-दोन तासच मिळतात. पर्यायी होडी ठरवलेली नव्हती. चाळीस मिनिटं बसमध्ये बसून पुढे निघालो. चुना न घालता नुसते मोठाले दगड एकावर एक रचून बांधलेला तट जवळून पाहायचा होता, तो पाण्यापलीकडे राहिला.

राजपुरीला १२:२० ला पोहोचलो. शुक्रवारी दुपारी साधारण बारा ते दोन नमाजाच्या वेळेत जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. राजपुरीत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते योग्यच आहे. होडीवाल्यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझी तक्रार अशी की तुम्ही शुक्रवारी १२:३० ची वेळ छापून विकलीत. तिथे थांबलो असतो तर दोनच्या पहिल्या होडीत बसलो असतो. पण तुमच्या टूर मॅनेजरने सव्वाला बस परत मुरूडला वळवली, कारण हॉटेलचं जेवण दोनला बंद होणार होतं. परत आलो तेव्हा ३:१५ झाले होते. रांग धक्क्याच्या बाहेर गेली होती आणि चारला पद्मदुर्गची होडी ठरलेली आहे म्हणून मॅनेजरने तिकीटच काढलं नाही. त्या पाऊण तासात शिडाच्या होड्या भरून जाताना आणि येताना आम्ही धक्क्यावरून पाहिल्या. यात प्रतिकूल हवामान कुठे होतं ते मला लेखी कळवा.

आणि ‘दर्शन’ म्हणाल तर जंजिऱ्याचा मुख्य दरवाजा होडी अगदी जवळ गेल्याशिवाय दिसतच नाही, दोन बुरुजांच्या आड तो लपवलेला आहे. हत्तींना पंजात धरलेलं शिल्प त्या दरवाजाशी आहे. कलालबांगडी तोफ आत आहे. चारी बाजूंना खारं पाणी असताना आतले तलाव गोड्या पाण्याचे आहेत. यातलं काय राजपुरीच्या धक्क्यावरून दिसतं? दरवाजाच्या पायऱ्यांशी होडी लाटेवर वर येते त्या क्षणी होडीवाला दंडाला धरून एकेकाला पायरीवर घेतो. सत्तरी ओलांडलेली माणसंही रोज तशीच उतरतात. तुमच्या वरिष्ठांनी हे एकदा जाऊन पाहावं.

पद्मदुर्गचं थोडक्यात. चारला मुरूडला गेलो तर होडीवाल्याला आमची वेळच माहीत नव्हती. “ॲडव्हान्स आला नाही म्हणून दुसऱ्यांना दिली,” असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. तुमच्या मॅनेजरने त्यावर एक शब्द काढला नाही. समुद्राच्या माऱ्याने तटाचे दगड झिजून आत गेले आणि मधला चुना तसाच कंगोऱ्यासारखा उभा राहिला, ते पाहायला लोक पद्मदुर्गला जातात. तुमच्याच जाहिरातीत त्या चुन्याचा फोटो आहे.

शनिवारी हरिहरेश्वरला जे होणार होतं ते सगळ्यांत गंभीर आहे. प्रदक्षिणेची वेळ सकाळी ११. त्या दिवशी भरती दहा-साडेदहाची. मंदिरामागच्या पायऱ्या उतरून खडकावरून जाणारी ती वाट भरतीत धोक्याची असते, तिथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत. मॅनेजर आम्हाला घेऊन पायऱ्यांपर्यंत पोहोचला होता. पूजेचं साहित्य विकणाऱ्या बाईंनी हाक मारून अडवलं. अकरा माणसांचा जीव त्या बाईंनी सांभाळला. तुमची त्यांच्याशी ओळखही नाही आणि त्यांना तुमच्याकडून पगारही नाही.

रविवारी अमावस्या, म्हणजे उधाणाची भरती आणि तेवढीच खोल ओहोटी. सुवर्णदुर्गची वेळ तुम्ही दुपारी ४:३० ठेवलीत. एप्रिलमध्ये दुपारनंतर वायव्येचा वारा चढतो आणि पाण्यावर पांढरा फेस दिसायला लागतो. ओहोटीने किल्ल्याजवळचे खडक उघडे पडलेले असतात. हर्णैला त्याच वेळी मासळीचा लिलाव असतो, त्यामुळे मोठ्या होड्या मोकळ्या नसतात. मिळाली ती लहान होडी. लाइफ जॅकेटं आठ, माणसं अकरा, आणि त्या आठांतल्या दोन जॅकेटांचं बकल लागत नव्हतं. होडीवाला किल्ल्याच्या जवळ गेला, लाट पाहिली आणि म्हणाला, “खडकात होडी घालणार नाही.” त्याने परत फिरवली हे शंभर टक्के बरोबर केलं. सकाळी याच होडीवाल्याने आम्हाला सुखरूप उतरवलं असतं. पायरीवर कोरलेलं कासव आणि तटावरचा मारुती याही वेळी राहून गेला.

तुमच्या ईमेलमध्ये लिहिलंय, “पॅकेजमधील चारपैकी तीन बोट प्रवास पूर्ण झाले आहेत.” ते तीन कोणते? एक, आगरदांडा ते दिघी. दोन, बागमांडला ते वेसवी. तीन, सुवर्णदुर्गपासून परत फिरलेली होडी. पहिल्या दोन जंगलजेट्टी आहेत. गाडी खाडीपलीकडे नेण्यासाठी त्यावर चढवतात, कारण नाहीतर सगळा वळसा घालावा लागतो. कोकणात कोणीही त्याला किल्ल्याची सफर म्हणत नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून पाहणं म्हणजे दर्शन आणि जंगलजेट्टीवर गाडीत बसणं म्हणजे बोट सफर, असं तुमचं म्हणणं असेल तर जाहिरातीत तसं ठळक छापा आणि मग गिऱ्हाईक मिळतं का ते पाहा.

हीच ठिकाणं, हेच तीन दिवस आणि जवळपास तेवढेच किलोमीटर ठेवून सहल नीट झाली असती. शुक्रवारी मुंबईहून पहाटे पाचऐवजी सकाळी आठला निघायचं. अलिबागला जेवण आणि दीड ते साडेतीन कुलाबा, ओहोटीत चालत. संध्याकाळी रेवदंडा, काशीद करत मुरूडला मुक्काम. शनिवारी सकाळी पहिल्या होडीने जंजिरा, रांग लागायच्या आत. खाडीत पाणी भरलेलं असताना दहाच्या सुमारास पद्मदुर्ग. दुपारी आगरदांड्याहून दिघी आणि चारला, पाणी उतरल्यावर, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. रविवारी लवकर बागमांडल्याची जंगलजेट्टी, मग केळशी, आंजर्ले करत दहाच्या आत हर्णै. तेव्हा वारा पडलेला असतो, पाणी चढतं असतं, खडक झाकलेले असतात. हे करायला एक पंचांग आणि राजपुरी, मुरूड, हर्णै इथे एकेक फोन लागतो. ९,८०० रुपये माणशी घेणाऱ्या कंपनीकडून एवढी अपेक्षा करणं चूक आहे का?

नुकसानभरपाई म्हणून माणशी ५०० रुपयांचं कूपन पाठवलंत. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत पावसाळ्यामुळे किल्ल्यांच्या होड्या बंद असतात, म्हणजे चार महिन्यांच्या कूपनातले तीन महिने समुद्रच बंद. कूपनं आम्हाला नकोत. अकराही कूपनं या पत्रासोबत परत केली आहेत.

आमच्या मागण्या अशा. राहणं, जेवण आणि गाडी मिळाली, त्याचे पैसे मागत नाही. सहल किल्ल्यांच्या नावावर विकलीत आणि किल्ले शून्य झाले, म्हणून निम्मी रक्कम, ५३,९०० रुपये, ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करा. ‘जंजिरा दर्शन पूर्ण’ ही सिस्टीममधली खोटी नोंद दुरुस्त करून तिची प्रत पाठवा. आमच्यातल्या तीन ज्येष्ठांच्या नावे वयाबद्दलच्या त्या विधानाची लेखी माफी मागा. आणि प्रत्येक प्रवाशामागे एक, बकल लागणारं लाइफ जॅकेट असल्याशिवाय होडी सुटू द्यायची नाही, असा लेखी आदेश तुमच्या मॅनेजरांना काढा.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली आमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. छापील कार्यक्रमपत्रिका, पाचही फोनच्या वेळा, तुमचा ईमेल आणि राजपुरीला ३:१५ नंतर सुटलेल्या भरल्या होड्यांचे फोटो माझ्याकडे आहेत. पद्मदुर्गच्या होडीवाल्याचं बोलणं ऐकणारे अकरा साक्षीदार आहेत. याच नावावर विश्वास ठेवून आमच्या घरातल्या दोन पिढ्यांनी सहली केल्या, म्हणून आधी तुम्हाला लिहिते आहे.

एक गोष्ट १५ दिवस थांबू शकत नाही. याच सहलीची पुढची तुकडी ९ मेला निघते आहे. तीच पत्रिका तुमच्या संकेतस्थळावर आजही आहे: ९:३० कुलाबा, १२:३० जंजिरा, दुसऱ्या दिवशी ११ वाजता हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. ९ मेला शुक्रवार आहे आणि वैशाख शुद्ध द्वादशी आहे. म्हणजे सकाळी नऊला पुन्हा भरती, दुपारी पुन्हा होड्या बंद आणि शनिवारी प्रदक्षिणेच्या वेळी वाटेवर पुन्हा पाणी. आमचे पैसे द्यायला वेळ लागला तरी चालेल, पण त्या प्रवाशांच्या वेळा आज बदला.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

अकरा प्रवाशांच्या वतीने,
बुकिंग ज्यांच्या नावावर आहे त्या