ती शिशी आपण घेत नाही आहोत

हैदराबाद, 28 मार्च

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, हे आधी तू एकटी वाच. मग बाबांची दुपारची झोप झाली की थोडं थोडं वाचून दाखव, एका वेळी एक पान, त्याहून जास्त नको. बाबा, तुम्ही चिडणार हे धरूनच लिहिते आहे.

बाबांच्या डोक्याच्या मारासाठी ठरवलेल्या एक्सोसोमच्या (स्टेम सेलमधून निघणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांच्या) इंजेक्शनांची तारीख मी काल रद्द केली. ॲडव्हान्सचे वीस हजार बुडाले, ते माझ्याकडून बुडाले असं समजा. फिक्स्ड डिपॉझिट मोडायचं नाही. सुधाकरकाकांशी मी बोलले आहे, त्यांना वाईट वाटलेलं नाही. त्यांनी मायेपोटीच सुचवलं होतं, आणि अडचणीच्या वेळी तेच उभे राहिले हे मी कधी विसरणार नाही.

आई, तू म्हणालीस, "पेशी वाढवायचं काम तूच करतेस, आणि तूच नाही म्हणतेस?" अगं, म्हणूनच.

यामागची कल्पना खोटी नाही. भात काढून घेतल्यावर पेज उरते ना, तसं आहे हे. स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी, ज्या द्रवात वाढतात त्यात त्या बरंच काही सोडतात: वाढीला मदत करणारी प्रथिनं, दाह कमी करणारे रेणू आणि एक्सोसोम नावाच्या 30 ते 150 नॅनोमीटरच्या पिशव्या. पेशी गाळून टाकल्या तरी हे सत्त्व राहतं. पूर्वी वाटायचं की पेशी मेंदूत जाऊन मेलेल्या पेशींची जागा घेतात. पण शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी फुफ्फुसातच अडकतात, मेंदूपर्यंत पोचतात त्याही फार दिवस जगत नाहीत, आणि तरी उंदीर सुधारताना दिसले. म्हणजे गुण त्या स्रावाचा. 1991 साली या पेशींना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव देणाऱ्या अर्नोल्ड कॅप्लान यांनीच 2017 मध्ये लिहिलं की आता हे नाव बदला.

डोक्याला मार लागतो त्या क्षणी काही पेशी मरतात, त्यावर काहीच उपाय नाही. पण त्यानंतरच्या तासांत नि दिवसांत सूज वाढते, रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपतात, मेंदूतल्या पहारेकरी पेशी खवळतात आणि चांगल्या भागाचंही नुकसान करतात. स्राव काम करतो तो या दुसऱ्या टप्प्यावर. म्हणून प्रयोगांतली वेळ बघा. 2015 मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये मोठ्या उंदरांना (रॅट) 100 मायक्रोग्रॅम प्रथिनाएवढे एक्सोसोम दिले, माराला 24 तास झाल्यावर. 2016 च्या टेक्सासच्या प्रयोगात उंदरांना एका तासात दिले. बाबांना आठ महिने झालेत. आग विझल्यावर बंब बोलावण्यासारखं आहे हे, आणि इंजेक्शनं देणाऱ्या क्लिनिकच्या पत्रकात यावर एक ओळसुद्धा नाही.

जपानचं कात्रण काकांनी पाठवलं ते खरं आहे. जुलै 2024 मध्ये तिथे जुन्या माराच्या रुग्णांसाठी एका उपचाराला सशर्त मान्यता मिळाली. पण तो स्राव नव्हे, अख्ख्या पेशी आहेत, आणि त्या कवटीला भोक पाडून थेट मेंदूत सोडतात. चाचणीतल्या 61 रुग्णांपैकी पेशी दिलेल्यांत हातापायाच्या हालचालीचे गुण सहा महिन्यांत सरासरी 8.3 ने वाढले, तुलनेसाठी नुसती खोटी शस्त्रक्रिया केलेल्यांत 2.3 ने. आशा वाटावी असंच आहे ते. पण आपल्याला मिळणार होतं ते हे नव्हे, दंडात द्यायची शिशी होती.

आता त्या शिशीबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. पेशी वाढवताना वासराच्या रक्तातलं सीरम घालतात. त्या सीरममध्ये स्वतःचेच एक्सोसोम असतात, म्हणून पेशी धुऊन 24 ते 48 तास सीरमशिवाय ठेवाव्या लागतात. जास्त वेळ उपाशी ठेवल्या तर त्या मरायला लागतात आणि त्यांचाच कचरा स्रावात येतो. मग तो द्रव वेगाने फिरणाऱ्या यंत्रात टप्प्याटप्प्याने फिरवायचा: गुरुत्वाच्या 300 पटीला पेशी खाली बसतात, 2,000 ला मेलेल्या पेशी, 10,000 ला तुकडे, आणि 1,00,000 पटीला तासाभराहून जास्त फिरवल्यावर कुठे एक्सोसोम तळाला येतात. 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरने जंतू अडतात, पण मायकोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जंतू आणि जंतूंचं विष त्यातून निसटतं. त्यांच्या चाचण्या वेगळ्या. शिवाय पेशी कोणाच्या, त्या माणसाची एचआयव्ही आणि कावीळ बी-सी तपासली का, हे सगळं कागदावर लागतं.

मी क्लिनिकला फोन करून हे विचारलं. बॅच नंबर नाही, तपासणीचा कागद नाही. माल उणे 80 अंशात ठेवावा लागतो असं सांगणारी तीच बाई म्हणाली की थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या जेलवर कुरिअरने येतो. नागपूरच्या एप्रिलमध्ये! "एका शिशीत पाच कोटी एक्सोसोम" हे ऐकायला केवढं वाटतं ना? मिशिगनमध्ये डुकरांवर प्रयोग झाला तेव्हा एका डोसला एकावर तेरा शून्यं इतके कण दिले होते. म्हणजे दहा लाख कोटी.

अमेरिकेत नेब्रास्कामध्ये असल्या इंजेक्शनांनंतर रुग्णांना गंभीर त्रास झाला, आणि डिसेंबर 2019 मध्ये तिथल्या औषध खात्याला जाहीर इशारा द्यावा लागला. आपल्याकडे आयसीएमआरचे 2017 चे नियम साफ सांगतात की रक्ताच्या आजारांतलं प्रत्यारोपण सोडून बाकी सगळं फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच द्यायचं, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. साडेचार लाख मागितले, तिथेच कळायला हवं होतं. तुम्हाला नाही म्हणत, मला कळायला हवं होतं. मी पत्रक आधी वाचायला हवं होतं.

बाबा, तुम्ही म्हणाल, "घेऊन बघायला काय जातं?" डोक्याच्या मारात हा प्रश्न फार महाग पडलाय. सूज उतरवायला स्टेरॉइड द्यायचे, अगदी तर्काला धरून. 10,008 रुग्णांवर नीट चाचणी झाली तेव्हा दिसलं की स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन प्राण्यांत छान चाललं, 2014 मध्ये माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत काहीच फरक पडला नाही. मला तुमच्यावर असा पहिला प्रयोग नको आहे. कागदोपत्री नोंद असलेली खरी चाचणी निघाली आणि तुम्ही त्यात बसत असाल, तर मी स्वतः तुमचा हात धरून नेईन, फुटाळा तलावावर कणीस खायला तुम्ही मला न्यायचे तसा.

तोवर ते पैसे असे वापरायचे. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनऐवजी पाच दिवस येतील, बोलणं झालंय. डाव्या हाताला कामं द्या, नुसता चेंडू दाबून भागत नाही. शर्टाची बटणं, वाटाणे सोलणं, आणि संत्री आहेत तोवर रोज दोन संत्री डाव्या हाताने सोलायची. चिवट साल राहिली तर राहू दे. आई, तू पुढे होऊन सोलून द्यायची नाहीस.

मधल्या खोलीत एसी बसवायला मंगळवारी माणूस येईल. कूलर काढून टाकू नका, वाळ्याच्या ताट्या बदलून बैठकीत लावा. न्हाणीघरात दोन दांडे आणि रात्रीचा छोटा दिवा त्याच दिवशी बसेल. दिवसभरासाठी मावशी बघितल्या आहेत. आई, हे तुझ्या कामात खोट काढणं नाही गं. तुझीही शुगर आहे, तूही झोपायला हवीस.

फिटची गोळी सकाळी आठ, रात्री आठ. बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करायची नाही, एकदाही नाही. चिडचिड वाढली आहे ती काही माराची असते, काही या गोळीचीही असू शकते. डॉक्टरांना सांगा, ते बदलतील. बाबांच्या स्वभावावर ढकलू नका. उलट्या, जुलाब किंवा ऊन लागून गुंगी आली तर सोडियम तपासून घ्या. आणि पुन्हा डोक्याला थोडासाही धक्का बसला, नंतरच्या आठवड्यांत डोकेदुखी वाढत गेली, झोप जास्त येऊ लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी सीटी स्कॅन. मला विचारत बसू नका, आधी न्या, मग फोन करा.

मी 11 तारखेला येते आहे, आठ दिवस. आई, माझ्यासाठी काही करत बसू नकोस, वडाभात सोडून.

बाबा, खर्रा बंद म्हणजे बंद. पुडी टीव्हीच्या मागे असते हे आईला माहीत आहे.

तुमची,
मिनू