मक्याचा खुराक हळूहळू वाढव

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तू फोनवर विचारलंस, कोकरं बांधून पोसायची तर आधी काय सांभाळायचं. जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकवतीलच, पण आयुष्य यातच गेलेल्या बापाचंही ऐक.

आपण दख्खनी मेंढरं रानोमाळ चारणारी माणसं. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचा, बदल्यात धान्य द्यायचा. पुढं बेळगाव जिल्ह्यात अथणी-रायबागकडं उसाची बागायत पसरली, पडीक रानं संपली, तेव्हा मी कोकरं शेडात घेतली. तीन महिन्यांचं कोकरू आईपासून तोडलं की पुढचे तीन महिने मोलाचे. दिवसाला १०० ग्रॅम वजन चढलं तरी मी समाधानी असतो.

लोकांना घाई असते. मक्याचा भरडा एकदम पाटी भरून टाकतात. तो पोटात आंबतो. कोकरू कोपऱ्यात जाऊन दात खात उभं राहतं, रवंथ बंद, शेण पातळ, आणि बघता बघता आडवं होतं. म्हणून आधी कडबा, तुरीचं भुसकाट, मग खुराक. तोही पहिल्या दिवशी मूठभर, मग दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यायचा. सोबत शेंगपेंड हवीच, नुसत्या मक्यानं अंग भरत नाही. वजनकाट्यावर घालायच्या आधी मी पाठीवर हात फिरवतो. कण्याची हाडं बोटाला टोचेनाशी झाली की कळतं, खुराक अंगी लागतोय.

आंत्रविषाराचं, म्हणजे जास्त खाण्यानं आतड्यात विष तयार होतं त्या रोगाचं, तर तुला सांगायला नको. सगळ्यात खादाड, गुबगुबीत कोकरूच आधी जातं. धन्याचं काळीज तुटतं. बकरी ईदसाठी नर तयार करणारे धान्याचा मारा करतात, मग खडा होऊन लघवी अडते. बिचारं शेपूट हलवत कुंथत राहतं. स्वच्छ पाणी आणि मीठ समोर हवंच.

पोरी, शिकून झाल्यावर नुसती दवाखान्यात बसू नकोस. आपली माणसं मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने गावाबाहेर असतात, लसीची वेळ टळून जाते. त्यांच्या वाड्यावर, मेंढरांच्या तळावर जाणारी डॉक्टर हवी. तू त्यांची बोली बोलतेस, मेंढरू कसं धरायचं ते लहानपणापासून जाणतेस. ते तुझं ऐकतील.

पावसाळ्याआधी सुट्टी मिळाली तर ये. यंदाची लस तुझ्याच हातनं टोचू. आई शेंगाचटणी करून ठेवणार आहे.

तुझा,
अप्पा